तपासणी झाली, शिकवण राहिली

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वनहक्क, रोजगार हमी आणि पाणीटंचाई या नेहमीच्या विषयांच्या जोडीला ‘वयात येणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण’ हा विषय अभ्यासवर्गात आलेला पाहून काही कार्यकर्त्यांना नवल वाटले असेल. हा विषय डॉक्टरांचा, फार तर शिक्षकांचा. त्यात पक्षाचे काय काम, ही शंका अगदीच गैर नाही. मात्र तिचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते खुद्द शहापुरातच मिळते.

शहापुरातील एका खाजगी शाळेच्या स्वच्छतागृहात जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात रक्ताचे डाग आढळले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात जमवण्यात आले. त्या डागांची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्यात आली आणि कोणाकोणाची पाळी चालू आहे, अशी विचारणा झाली. ज्यांनी होय म्हटले त्यांची नोंद घेतली गेली. ज्यांनी नाही म्हटले त्यांतील मुलींना आत नेऊन, कपडे उतरवायला लावून तपासण्यात आले, अशी पालकांची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी संतप्त पालक शाळेवर गेले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिका व एक महिला कर्मचारी यांना अटक झाली आणि प्रकरण विधिमंडळातही निघाले. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा किती, हे न्यायालय ठरवील. परंतु या घटनेत न्यायालयाच्या कक्षेबाहेरचेही बरेच काही आहे, आणि तेच या वर्गाच्या विचाराचा विषय आहे.

ज्या पडद्यावर गर्भाशयाचे एक साधे चित्र दाखवून अर्ध्या तासात सर्व मुलींना पाळी म्हणजे काय हे समजावून देता आले असते, त्या पडद्यावर डागांची छायाचित्रे दाखवली गेली. पाचवीच्या मुलींपैकी अनेकींना अद्याप पाळी आलेलीही नसणार. म्हणजे आपल्या शरीरात होऊ घातलेल्या एका नैसर्गिक घडामोडीची पहिली वार्ता त्यांना मिळाली ती गुन्ह्याच्या तपासाच्या रूपाने. त्यात प्रश्न विचारणारे होते, नोंदी होत्या आणि संशयितही होते. हे सर्व शाळा नसलेल्या एखाद्या पाड्यावर घडलेले नाही. फी घेणाऱ्या, सभागृह व प्रक्षेपक असणाऱ्या शाळेत घडले, आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांत प्रामुख्याने स्त्रियाच आहेत. तेव्हा अडाणीपणा हे त्याचे कारण सांगून सुटका होणार नाही. पदवी मिळाली तरी विटाळाची कल्पना मनातून जात नाही, एवढेच यावरून दिसते.

आणि हा प्रकार शहापूरपुरता नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत भुज येथील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात साठांहून अधिक मुलींची अशीच तपासणी झाली होती. आदिवासी वसतिगृहांत सुटीहून परतणाऱ्या मुलींची गर्भचाचणी केली जाते, अशा तक्रारी २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातून पुढे आल्या. बदलापूर तर मुरबाडच्या शेजारचे. तेथे ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातील दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, लोक रेल्वेमार्गावर उतरले, आणि त्यानंतर कॅमेरे, समित्या, तक्रारपेट्या यांचे आदेश निघाले. त्यांची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु मुलाला स्वतःच्या अवयवांची नावे ठाऊक नसतील तर तक्रारपेटीत तो काय लिहिणार? मुलांच्या शरीरावर पाळत ठेवायला आपल्या संस्था तत्पर असतात. त्याच शरीराविषयी मुलांशी बोलायचे म्हटले की त्यांची वाचा बसते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. बोलणे टाळले म्हणूनच तपासण्याची पाळी येते.

हे मौन भाषेतच मुरलेले आहे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’, असे आडवळणाचे शब्द मराठीत वाटेल तेवढे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा अर्थ मुलीला दूर ठेवणे हाच आहे. जुन्या काळी न्हाण आले की मखर मांडून ते साजरे करीत. त्यात मुलगी आता सासरी पाठवण्याजोगी झाली हा उघड हिशेब असे, तेव्हा त्या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलांच्या वाट्याला तर ‘मिसरूड फुटले’ यापलीकडे काहीच येत नाही. झोपेत वीर्यस्खलन होणे ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आवाज फुटण्याइतकीच साधी गोष्ट. तिला भाषेने नाव दिले ‘स्वप्नदोष’. दोष म्हटला की औषध आले, आणि औषध आले की ते विकणारा आला. रेल्वेलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘कमजोरी’ यांच्या जाहिराती रंगवलेल्या असत, त्या याच भीतीवर पोसल्या गेल्या. हस्तमैथुनाने शरीर झिजते, वीर्याचा थेंब म्हणजे रक्ताचे इतके थेंब, असल्या निराधार समजुतींवर वैदूंची आणि भोंदू डॉक्टरांची दुकाने पिढ्यान्पिढ्या चालली. आता त्या भिंतींची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे. पाड्यावर नळ आला नाही, पण अश्लील चित्रफीत आली. ज्या विषयावर शाळा बोलत नाही त्या विषयावर बाजार चोवीस तास बोलत असतो, आणि त्याचे बोलणे स्त्रीला वस्तू मानूनच चालते.

महाराष्ट्रात या मौनाविरुद्ध एक मोठा माणूस उभा राहिला होता, त्याची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तोट्यात चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून जो खटला १९३४ मध्ये चालला त्यात कर्व्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. खटला हरला, दंड झाला. पण अस्पृश्यतेविरुद्ध लढणाऱ्या नेत्याला हे वकीलपत्र घेण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ‘यात पक्षाचे काय काम’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. विटाळ माणसाचा असो की पाळीचा, त्याची जात एकच.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी काय झाले? केंद्र सरकारने किशोरवयीनांच्या शिक्षणाचा एक कार्यक्रम शाळांसाठी आखला. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यातील चित्रांवरून गदारोळ झाला. विरोधात एकच पक्ष नव्हता, जवळजवळ सर्वांचे एकमत झाले, आणि राज्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला. आणखी काही राज्यांनीही तेच केले. गंमत अशी (गंमत म्हणावी की शोकांतिका, हे ज्याचे त्याने ठरवावे) की त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि छळ करणारे निम्म्याच्या आसपास ओळखीचे वा विश्वासातले लोक होते. एका हातात ही पाहणी आणि दुसऱ्या हातात बंदीचा हुकूम, अशा स्थितीत राज्यकर्त्यांनी चित्रे अश्लील ठरवली!

२००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, वेंकय्या नायडू तिचे अध्यक्ष होते, शाळांतून लैंगिक शिक्षण नको, आणि हा भाग अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात यावा, असा अभिप्राय दिला. वरवर पाहता हा मध्यम मार्ग वाटतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तो जरा निराळ्या नजरेने वाचावा. बारावीला विज्ञान शाखा घेऊन जीवशास्त्रापर्यंत कोण पोचते? डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या पाड्यावरील मुलगी सातवी-आठवीनंतर शाळेतून गळते, मुलगा दहावीच्या आत कामाला लागतो. जे ज्ञान बारावीला द्यायचे ठरवले, ते त्यांना द्यायचे नाही असेच ठरवले. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, शहाणी आई आहे, खाजगी डॉक्टर आहे, त्यांना ते कसेही मिळते. ज्यांना शाळेखेरीज दुसरा आधार नाही त्यांच्याच ताटातून ते काढले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्षण नववीपासून न देता त्याहून लहान वयात सुरू झाले पाहिजे असे मत नोंदवले. मुलींची पाळी साधारण दहा ते पंधरा या वयात सुरू होते हे ध्यानात घेतले तर त्यात काही क्रांतिकारक नाही. पाचवी-सहावी ही त्याची साधी, व्यवहारी वेळ आहे.

आता या दोन तालुक्यांच्या प्रत्यक्ष स्थितीकडे वळावे. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. धरणांच्या या तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या टंचाईची चर्चा हंडा, विहीर आणि पायपीट यांत संपते. पाळीची घडी धुण्यासाठी पाणी लागते, ती उन्हात वाळवण्यासाठी जागा लागते आणि चारचौघांत वाळवण्याची मुभा लागते, याचा उल्लेख टंचाईच्या कोणत्याही निवेदनात येत नाही. अंधारात, ओलसर जागी वाळलेले कापड पुन्हा वापरले की जंतुसंसर्ग होतो. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची जी तपासणी केली, आणि जी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के. तपासणी या शब्दाचा योग्य अर्थ हा. ती रोग शोधण्यासाठी होते, मुलीच्या संमतीने आणि तिच्या हितासाठी होते.

बाजाराने यावर पॅड हा उपाय आणला. सरकारने जुलै २०१७ मध्ये त्यावर बारा टक्के वस्तू व सेवा कर बसवला आणि ओरड झाल्यावर वर्षभराने काढला. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने ‘अस्मिता’ योजना काढून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देऊ केले. योजना चांगलीच होती. परंतु पाकीट हाती देऊन ते कशासाठी, किती वेळाने बदलायचे, टाकायचे कोठे, हे कोणी सांगितले नाही तर पाच रुपयेही वाया जातात. आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी व कचऱ्याचा डबा नसेल तर रक्ताचे डाग दिसणारच. शहापूरच्या त्या शाळेत खरा प्रश्न विचारायचा होता तो हा. डाग कोणाचा, हा नव्हे.

कातकरी वस्तीचे दुखणे याहून खोल आहे. दसरा-दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाची उचल घराच्या नावे असते आणि काम जोडीने चालते. जेथे मजुरीचे एकक जोडपे आहे तेथे चौदा-पंधराव्या वर्षी जोडी जुळवण्यात आईबापांना सोय दिसते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवराबायको, तसेच हे. भट्टीवर न्हाणीघर नाही, आडोसा नाही, वाढत्या मुलीला एकटी मागे ठेवण्याची भीती आहे. बालविवाहाला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. पाळी आणि मजुरी यांचा संबंध किती क्रूर होऊ शकतो हे बीडच्या ऊसतोड स्त्रियांनी दाखवून दिले. खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून तरुण वयात गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्या बायकांना गर्भाशय म्हणजे काय, ते काढल्याने काय होते, हे बाराव्या वर्षी कोणी सांगितले असते तर डॉक्टरला त्यांनी निदान दोन प्रश्न तरी विचारले असते.

कायद्याचीही एक गाठ येथे पडली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालील मुलीची संमती ग्राह्य धरलेली नाही आणि कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. परिणामी सोळा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली की पोलीस येतात, एकोणीस वर्षांचा नवरा किंवा मित्र तुरुंगात जातो. या भीतीने मुलगी दवाखान्यातच येत नाही. बाळंतपण घरी होते किंवा गर्भपात कोणा भलत्याकडे होतो. अल्पवयीन मुलीने वा तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिचे नाव पोलिसांना कळवण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. पाड्यापर्यंत ते पोचलेले नाही. वयाची अट योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण ज्या मुलांना हा कायदा लागू होतो त्यांना तो माहीतच नसावा, आणि त्याची ओळख त्यांना हातकडीनेच व्हावी, हे कोणत्याच मताला पटणारे नाही.

‘शिकवल्याने मुले बिघडतात’ हा आक्षेप नेहमीचा आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये निरनिराळ्या देशांतील अनुभवांचा धांडोळा घेतला, त्यात अशा शिक्षणाने लैंगिक व्यवहार लवकर सुरू होतात याला आधार मिळाला नाही. उलट ते लांबतात आणि मुले अधिक सावध होतात असेच दिसले. दुसरा आक्षेप संस्कृतीचा. त्याला वात्स्यायन आणि खजुराहो यांचे दाखले देऊन उत्तर देण्याची आपल्या सुशिक्षितांना फार हौस. त्याने वाद जिंकता येतो, सातवीतल्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि आईबाप हे प्रत्येक वेळी विरोधकच असतात असे मानण्याचेही कारण नाही. शहापूरच्या शाळेवर धडकलेले पालकच होते.

शिकवायचे ते थोडके आहे. मुलीला कळावे की पाळीचे रक्त अशुद्ध नसते. चार-पाच दिवसांत मिळून ते दोन-तीन मोठे चमचेच जाते. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. पोट दुखले तर सांगायचे असते आणि असह्य दुखले तर दवाखान्यात जायचे असते. मुलाला कळावे की त्याच्या शरीरातले बदल रोग नव्हेत, आणि वर्गातल्या मुलीच्या कपड्यावर डाग दिसला तर हसण्याजोगे काही घडलेले नाही. म्हणून काही तास मुलामुलींचे वेगळे घेतले तरी पाळीचा पाठ मुलांनाही द्यावाच लागेल. तो टाळला की अर्धे काम फुकट जाते. दोघांनाही अवयवांची खरी नावे, गर्भधारणा कशी होते, नकार देणे आणि नकार मानणे म्हणजे काय, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक ठाऊक असावा. डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मराठी मुलामुलींशी या विषयावर सरळ, साध्या बोलीत बोलता येते हे दाखवून दिले आहे. तेव्हा शब्द सापडत नाहीत, ही सबब राहिलेली नाही.

कार्यकर्त्याच्या हाती काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली, आणि सरकारी व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समित्या आणल्या; तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीच्या बैठकीत स्वच्छतागृहातील पाण्याचा आणि या पाठाचा ठराव मांडता येतो. जानेवारी २०१४ पासून दहा ते एकोणीस वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याखाली शहापूरच्या आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांनी या वयाच्या किती मुलांना किती वेळा सल्ला दिला, हे लेखी विचारता येते. आश्रमशाळांबाबत शहापूरच्या प्रकल्प कार्यालयाकडे हाच प्रश्न न्यावा, आणि गर्भचाचणीविषयीही तेथे स्पष्ट विचारावे. ग्रामसेवक हाच गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला त्याची आठवण करून द्यावी. पक्षातल्या पुरुषांनी हे काम महिला आघाडीवर ढकलू नये, ही विनंती वेगळी करावी लागते यातच बरेच आले. मुलांच्या तासाला पुरुष शिक्षक आणि पुरुष कार्यकर्ते लागतील.

वेळापत्रक मात्र जपून आखावे. दिवाळीनंतर हा वर्ग ठेवला तर ज्यांच्यासाठी तो हवा ती कातकऱ्यांची मुले भट्टीवर गेलेली असतील. लावणी आटोपल्यावर, म्हणजे ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत, मुले गावात असतात. पहिला पाठ तेवढ्यात झाला पाहिजे, आणि भट्ट्या पेटल्यावर दुसरा पाठ भट्टीवर जाऊन द्यावा लागेल. मालक आत येऊ देणार नाहीत, असे गृहीत धरूनच त्याची तयारी करावी.